फरशीवर पाणी

"कान आत वळव गं पोरी. बाहेरचं काही ऐकू नकोस. नुसता श्वास ऐक."

रमाकांत सरांचा तो आवाज ऐकून चोवीस वर्षं झाली. पुण्यातल्या शाळेचं मैदान, पंधराशे मीटरची शेवटची फेरी, माझ्या बरगडीत आलेली कळ, आणि कडेनं पळत पळत मला हे सांगणारे सर. मी ते गाठीशी बांधलं. आजही पळायच्या आधी नाडी बांधायला वाकले की माझे कान मिटतात. कुणी बोललंच तर अर्धं ऐकते आणि त्या अर्ध्यालाच उत्तर देते.

गेल्या ऑगस्टातल्या एका रविवारी, सकाळी पावणेसहाला, मी अशीच नाडी बांधत होते.

टोकरखाड्यात आमच्या कॉलनीच्या फाटकाशी, वॉचमनच्या पत्र्याखाली आम्ही जमायचो; त्या दिवशी मी सगळ्यांच्या आधी पोचले होते. आठवडाभर पावसाला खंड नव्हता. आमच्या गटातले बाकीचे कुणी सर्दीचं, कुणी पाहुण्यांचं निमित्त करून गळाले होते. उरलो तिघं. मी, सुताच्या कारखान्यात माल तपासणारी. त्याच कारखान्यात यंत्रांची देखभाल बघणारे अविनाश, मूळचे नाशिकचे, गुडघ्याला पट्टा बांधून पळणारे. आणि दुर्गा, पॅकिंग खात्यातली, साक्रीकडची, आमच्यात सगळ्यात वेगाची. पुढच्या महिन्यात दहा किलोमीटरची पावसाळी शर्यत होती. तिची तालीम म्हणून किलवणीच्या बाजूला दुर्गाच्या मावशीच्या अंगणापर्यंत पळायचं, लिंबूपाणी प्यायचं आणि परतायचं, असं ठरलं होतं. दुर्गाचा नवरा संजू मोटरसायकलवर केळी आणि कोरडे कपडे घेऊन मागून येणार होता.

फोन वाजला. मावशीच होत्या, मंजुळाबाई. दुर्गा फोन घेऊन पळत नाही, म्हणून तिनं त्यांना माझा नंबर देऊन ठेवला होता. "तिला काही सांगायचं पडलं तर तुम्हाला करेल," एवढंच मला म्हणाली होती.

"ताई, फरशीवर पानी उनं वं!" मावशी ओरडून बोलत होत्या. पुढचं पत्र्यावरच्या पावसानं खाल्लं.

'उनं' म्हणजे 'आलं', हे मला कारखान्यात राहून कळत होतं. आणि मावशींनी यंदा घरात नवी जमीन करून घेतली, छपराची कौलं मात्र जुनीच ठेवली, हे दुर्गानं दहादा सांगितलेलं होतं. ती 'टाइल' म्हणायची, मी मनात 'फरशी' म्हणायचे. वाटलं, बिचारीच्या नव्या फरशीवर गळतंय, आणि पाहुणे येणार म्हणून जिवाला घोर.

"अहो, मग पुसून घ्या की मावशी!" मी हसून म्हटलं. "आणि काळजी करू नका, मी सांगते सगळ्यांना." तिथं पोचल्यावर बूट बाहेर काढायला सांगेन, असं माझ्या मनात होतं.

"सांगा वं, सांगा," त्या म्हणाल्या. त्यांचा आवाज एकदम निवला. फोन ठेवला. मी तो झिपच्या पिशवीत घालून कमरेला लावला, आणि कान आत वळवले.

थोड्या वेळानं अविनाश आणि दुर्गा आले. दुर्गानं सुताच्या पेट्यांवरचं प्लास्टिक पांघरलं होतं. डोक्याला एक भोक, हातांना दोन. तिचे कॅनव्हासचे बूट मला फार आवडायचे. तापवलेल्या दाभणानं तिनं त्यांना भोकं पाडली होती. आत शिरलेलं पाणी दर पावलाला पिचकारीसारखं बाहेर पडायचं. माझे महागाचे बूट पाणी पिऊन म्हशीसारखे जड होत.

"काढ ते प्लास्टिक," मी म्हटलं, आणि माझं केशरी जाकीट तिला दिलं. "शर्यतीत घालायचंय, तर सवय कर."

"ताई, मी गावठी बदक. मला जाकीट घातलं तर बाकीची बदकं हसतील ना."

"हसू देत. पुढं तूच असणार आहेस, तुला दिसणार थोडीच!"

जाकिटाची टोपी तिच्या डोक्यावर ओढून हनुवटीखाली दोरी मीच बांधली. घट्ट बांधली.

सहाला निघालो. दुर्गा पळताना पुटपुटते. घड्याळ नाही, मोजणी नाही. स्वतःच जुळवलेल्या ओवीवर तिचा श्वास चालतो.

*सुताला सूत जोड, बाई तुटेना दोरा*
*पाय गं मोजी वाट, ऊर मोजितो वारा*

पहिल्या ओळीला श्वास आत, दुसरीला बाहेर. पहिला किलोमीटर ती ओवी माझ्या सोबतीला होती. मग केशरी ठिपका पावसात लहान होत गेला आणि वळणाआड गेला. आम्ही दोघं आमच्या चालीनं पळत राहिलो. कारखान्यांच्या भिंती संपल्या, भाताची खाचरं लागली. हिरव्यावर पाऊस पडताना आवाजसुद्धा हिरवा येतो. मी सुखात होते.

सहाव्या किलोमीटरला रस्ता उतरून ओहोळाशी गेला, आणि अविनाश अचानक थांबले.

समोर रस्ता नव्हता. गढूळ, फेसाळ पाणी आडवं धावत होतं, आणि मधूनमधून कडेच्या बुटक्या दगडांची पांढरी डोकी दिसत होती.

"बापरे," अविनाश म्हणाले. "फरशीवरून पाणी चाललंय."

मी त्यांच्याकडे बघितलं. "कशावरून?"

"फरशीवरून. ही काय, समोर. तुम्ही पुण्याची माणसं कॉजवे म्हणता. आमच्याकडे बुटक्या पुलाला फरशीच म्हणतात. नाशकापासून पार धुळ्यापर्यंत."

माझ्या कानांत काहीतरी फुटलं. सकाळपासून मिटलेले कान उघडले आणि त्यातून सगळी नदी आत शिरली. फरशीवर पानी उनं. पुसून घ्या की मावशी. सांगा वं, सांगा.

"घाबरू नका हो," अविनाश म्हणाले. माझा चेहरा त्यांना दिसला असावा. "हे आत्ताच चढलेलं दिसतंय. दुर्गाबाई दहा मिनिटं पुढं होत्या. केव्हाच पार झाल्या असतील. बसल्या असतील ओट्यावर चहा फुंकत."

संजूची मोटरसायकल मागून आली. पाणी बघून त्याचा चेहरा उतरला, मग अविनाशांचं ऐकून पुन्हा वर आला. "हो ना सर. ती काय थांबते का कुणासाठी? लग्नात पण माझ्या पुढं पळत होती." त्यानं मावशींना फोन लावला. लागेना. तिथं कुणाच्याच फोनला रेंज नव्हती. मग त्यानं तोंडाभोवती हात धरून हाका मारल्या.

पलीकडच्या चढावर एक इरलं हललं. डोक्यापासून पाठीपर्यंत पानांचं ते छप्पर घेतलेल्या मंजुळाबाई. हाका पोचत नव्हत्या. त्यांनी हात उंच करून 'परत जा, परत जा' अशी खूण केली. शांतपणे, पोराला घरी धाडावं तशी.

"बघा!" अविनाश हसले. "दुर्गा माझ्यापाशी आहे, तुम्ही जा, असं म्हणतायत. चला, मोठ्या पुलावरून वळसा घेऊन तिला आणू. तासभर लागेल."

संजूनं गाडी वळवली.

मला एकटीला माहीत होतं. पाणी आत्ता चढलेलं नव्हतं. आम्ही निघायच्या आधीपासून ते या फरशीवर होतं. दुर्गा इथं पोचली तेव्हा तिच्यासमोर हेच होतं. ती पलीकडे नव्हतीच, नाहीतर मावशींच्या शेजारी उभी दिसली असती; आणि रस्त्यानं परतही आली नव्हती. मावशींना वाटत होतं की मी सगळ्यांना सांगितलंय, म्हणून त्या इतक्या निवांत होत्या.

बोलायचं होतं, पण शब्दांच्या आधी संजूचा चेहरा समोर यायचा. मी वाकून पोटरी चोळल्यासारखं केलं. एक मिनिट गेलं. अजून एक. आजही ती मिनिटं मी मोजते. पाण्यात माणसाला बुडायला किती मिनिटं लागतात, हेही तेव्हा मोजत होते आणि तरी गप्प होते.

शेवटी जे तोंडातून आलं ते खरं नव्हतं, खऱ्याच्या कडेकडेनं जाणारं होतं. "अविनाश, तो दगड बघा. चिखलाची रेघ पाण्याच्या वर आहे. म्हणजे पाणी आधी जास्त होतं, आता उतरतंय. ती आली तेव्हाही असणार."

ते बघत राहिले. यंत्रं बघणारा माणूस. रेघ खोटं बोलत नाही, हे त्यांना कळतं. "संजू," ते हळूच म्हणाले, "गाडी बंद कर."

आम्ही अलीकडच्या काठानं खाली उतरलो. गुडघाभर गवत, घसरडी माती. संजू पुढं, नुसता धावत होता, पडत होता, उठत होता. "दुर्गे! ए दुर्गे!" पाणी त्या हाका गिळत होतं. माझे जड बूट चिखलात रुतले, मी ते तिथंच सोडले आणि अनवाणी पळाले.

संजूला आधी ते दिसलं. बाभळीच्या वाकलेल्या फांदीला, पाण्याच्या मधोमध, माझं केशरी जाकीट. बाह्या पसरलेल्या, टोपी पाण्यानं फुगलेली, आत कुणी असल्यासारखी. संजूनं जो आवाज काढला तो माणसाचा नव्हता. पाण्याचा एक लोंढा आला, जाकीट उलटलं. आत कुणी नव्हतं.

संजू पाण्यात शिरणार, तेवढ्यात अविनाशांनी त्याला मागून कवळ घातली. "थांब! गप्प! ऐक!"

आम्ही ऐकलं. त्या सकाळी पहिल्यांदा मी बाहेरचं ऐकलं. पाण्याच्या घोषाखाली, फार बारीक, तुटक, एक चाल होती. शब्द नव्हते. आत, बाहेर. आत, बाहेर.

वीसेक पावलं खाली, उंबराच्या उघड्या मुळ्यांना ती धरून होती. छातीपर्यंत पाण्यात, ओठ निळे, डोळे मिटलेले. संजूनं गाडीवरची सामान बांधायची दोरी आणली. अविनाशांनी ती उंबराला बांधली, संजू तिच्या आधारानं उतरला, मी काठावर पालथी पडून हात खाली सोडला. तिचे हात मुळ्या सोडेनात. एकेक बोट उकलावं लागलं. "मी आहे, मी आहे गं," संजू म्हणत होता. ती वर आली तेव्हा तिचा डावा घोटा भलतीकडेच वळलेला होता.

संजूनं कोरडे कपडे तिच्याभोवती गुंडाळले, वरून तिचंच ते प्लास्टिक, फाटकाशी राहिलेलं, त्यानं येताना उचललेलं. तिचे दात वाजत होते.

"टोपीत पाणी भरलं, ताई. मागं ओढायला लागली. दोरी सुटेना. हनुवटीवरून वर ओढून दातानं तोडली, मग जाकीट सोडलं." ती माझ्याकडे बघून कसनुसं हसली. "तुमचं नवं होतं."

मी तिचा पाय मांडीवर घेऊन बसले होते.

"पण शिरलीस कशाला?" संजूचा आवाज रडण्यातून रागात गेला. "डोळे नव्हते का? आपल्याकडं शेंबडं पोरही फरशीवर पाणी बघून थांबतं!"

"थांबले होते. घोट्याएवढंच दिसलं, तरी थांबले होते." ती थांबून थांबून बोलत होती. "पण मावशीला मी बजावलं होतं. फरशीवर पाणी आलं की ताईंना लगेच फोन कर. म्हटलं, फोन आला असता तर ताईंनी मला सोडलंच नसतं. फोन नाही म्हणजे पाणी नुकतंच आलंय, वाढायच्या आत पार होऊ. मधेच लोंढा आला."

"एक फोन!" संजू उठून उभा राहिला. "एक फोन होत नाही तुझ्या मावशीला? घरापासून हाकेवर ओहोळ. आणि वर उभी राहून हात काय हलवत होती! संपलं. आजपासून तू तिच्याकडं जायचं नाही, तिनं आमच्या दारात यायचं नाही. मेली माझ्यासाठी."

"नेटवर्क नसेल रे," अविनाश म्हणाले. "कधी कधी फोन लागतच नाही."

पलीकडच्या काठावर मंजुळाबाई धडपडत इथवर खाली आल्या होत्या. इरलं मागं कुठं तरी पडलं होतं. त्यांनी दुर्गाला बघितलं आणि मटकन खाली बसल्या. त्यांचा आकांत आम्हाला नुसता दिसत होता. संजूनं त्यांच्याकडे पाठ केली.

दुर्गा मावशीची बाजू घेईल असं मला वाटलं होतं. तिनं घेतली नाही. ती पलीकडे बघत राहिली आणि लहान मुलीसारखी म्हणाली, "आई गेल्यापासून तिनंच वाढवलं मला. माझ्या बाबतीत मावशी कधी काही विसरली नव्हती."

नेटवर्क. तो शब्द माझ्यासमोर कोरडा, घडी घातलेला पडला होता. नुसता उचलून पांघरायचा. मावशींचं ऐकणार कोण? संजू तर त्यांना बोलूच देणार नव्हता.

दुर्गाचा पाय माझ्या मांडीवर थरथरत होता. मी तो दोन्ही हातांनी धरला.

"फोन आला होता, दुर्गा," मी म्हटलं. "पावणेसहाला. मावशी मला म्हणाल्या, फरशीवर पाणी आलंय. मी त्यांना म्हटलं, पुसून घ्या."