मावशीने शिवलेली फडकी

"मावशी, जरा इकडे या ना," मुतारीच्या दाराआडून घाईबाई म्हणाली. नववीतली ही पोर. प्रश्न संपायच्या आत हिचा हात वर, म्हणून हे नाव. आज मात्र तिचे दोन्ही हात मागे स्कर्ट आवळून होते.

मावशी म्हणजे शाळेची शिपाईबाई. ती तडक मुख्याध्यापकांकडे गेली. देणगीत आलेल्या पॅडचा खोका त्यांच्याच कपाटात होता. वाटपाचे फोटो निघाले, पाहुणे गेले आणि मुलींच्या हातातली पाकिटं परत गोळा झाली होती.

"सर, एका मुलीला पाकीट हवंय."

"पुढच्या महिन्यात तपासणी आहे, खोका फोडायचा नाही. आणि असले विषय माझ्यासमोर काढत जाऊ नका हो."

असले विषय कुलूप लावून स्वतःच्या पाठीमागे ठेवायला त्यांना काही वाटत नव्हतं.

घाईबाईच्या घरी एक जुनी चादर आई आणि दोघी बहिणींत फाडलेली. ती फडकी वाळली नाहीत की हिची शाळा बुडायची. पुढच्या महिन्यात वार्षिक परीक्षा नेमकी त्याच दिवसांत येत होती, आणि "नापास झालीस तर शाळा बंद," असं बापाने बजावलं होतं.

फळा पुसायची फडकी मावशीच शिवायची. तिने नव्या कापडाची सहा कापली, घड्या घालून टाके मारले. पुढचं तिने केलं तेही मायेपोटीच. सोळा वर्षं ती मुताऱ्या, जिने, फरशा फिनेलने धूत आली होती. स्वच्छ म्हणजे फिनेल, एवढंच या शाळेने तिला शिकवलं होतं. तिने फडकी फिनेलमध्ये भिजवली आणि तशीच उन्हात वाळवली. पोरीला काही बाधायला नको म्हणून एक झाकण जास्तच टाकलं. परीक्षेच्या आधी ती घाईबाईच्या दप्तरात सरकवली.

पहिला पेपर घाईबाईने दिला. दुसऱ्याला अर्ध्यातून उठून बाहेर आली. "मावशी, फार आग होतेय हो," एवढंच म्हणाली आणि भिंतीला धरून घरी गेली. मांड्यांची सालटी निघाली होती. पुढच्या पेपरांना ती तापाने फणफणत पडून होती.

निकालानंतर तिची आई शाळा सोडल्याचा दाखला न्यायला आली.

"ताई, पोरगी कशी आहे?" मावशीने विचारलं.

"आहे बरी. कुठनं आणलीस ती फडकी, विचारून विचारून दमले. म्हणते, रस्त्यावर सापडली. अहो, रस्त्यावरचं कुणी घेतं का? बापाने बडव बडव बडवली, तरी तेच." मग ती जरा हसली. "तुमचं मात्र सारखं नाव काढते. मावशींना सांग म्हणाली, मी बरी आहे."

खरं सांगून टाकावं, असं मावशीला फार वाटलं. नोकरीची भीती वाटली, त्याहून जास्त लाज वाटली. ती शिक्क्याची पेटी आणायला वळली.

मुख्याध्यापकांनी दाखल्यावर कारण लिहिलं, घरगुती अडचण. सही केली आणि कागद तिच्याकडे सरकवला. "मावशी, शिक्का मारा."

तिने मारला.

"नीट उमटला नाही. परत मारा."

मावशीने परत मारला.