हजेरीचा गुण

नेत्रावतीच्या नावापुढं बालाजीसरांनी पेन्सिलीनं पाच लिहिले, खोडले, चार लिहिले, आणि तेही खोडले. हजेरीचे गुण पाचांपैकी, आणि ते सरांच्या मर्जीवर. चाचण्यांचे तिला मिळून नऊ होते. चौदा भरले तरच शेवटच्या परीक्षेला बसता येतं. म्हणजे पाच दिले तर पोरगी परीक्षेला, चार दिले तर घरी.

ती घरी बसली तर सरांचा फायदा उघड होता. मराठीच्या दुसऱ्या वर्षाला पंधरा पोरं. त्यात कच्ची दोन, हरिओम आणि नेत्रावती. दोघंही नापास झाले की निकाल नव्वद टक्क्यांच्या खाली. आणि ज्याचा निकाल नव्वदच्या खाली, त्या सरांसारख्या तासांवर नेमलेल्या मास्तराला कॉलेज पुढच्या वर्षी बोलवत नाही. टक्केवारी मात्र परीक्षेला बसलेल्यांचीच काढतात. न बसलेल्याचा कुणी हिशोब विचारत नाही. हरिओमला गाळायची सोय नव्हती. त्याचे काका संस्थेच्या कमिटीवर होते, त्यामुळं त्याची हजेरी न येताही पूर्ण भरत होती.

"काय री बालाजीसर, झाले का गुण?" प्राचार्य गुरुपादय्या दारातूनच म्हणाले. "संध्याकाळी संगणकावर गुण भरायचं बंद व्हतं बघा. आणि निकालाचं ध्यानात हाय न्हवं? गेल्या वर्षी इतिहासवाल्या सरांना मी लई वाचवायला बघितलं."

इतिहासवाले सर आता हुमनाबादच्या रस्त्यावर मोबाईलची कव्हरं विकतात. बालाजीसरांना ते एकदा दिसले होते. सरांनी गाडी हळू केली नव्हती.

प्राचार्य गेले आणि नेत्रावती आली. गावाबाहेरच्या कोळारच्या गोदामातून सरळ. अंगावर तिथला निळा कोट तसाच, बोटांना चिकटपट्टीचे तुकडे.

"सर, मी हिशोब घातलाय," ती उभ्याउभ्याच म्हणाली. "नऊ आन् हजेरीचे पाच, चौदा. मग पेपरात सव्वीस पडले की पास. कविता समद्या पाठ हायत. व्याकरण तेवढं मला खायलाय."

"हजेरी किती भरलीय तुझी, ठाऊक हाय का?"

"न्हाई भरली." ती हसली. "पर तुमीच म्हणला व्हता की आमच्या अव्वाला."

म्हणाले होते. दोन वर्षांमागं, जूनमध्ये. पंधरा पोरं जमली तरच मराठीचा वर्ग निघतो, म्हणून सर दरवर्षी गावोगाव फिरत. चौदा जमली होती, पंधरावं सापडत नव्हतं. कमठाण्यात तिच्या आईच्या, निलम्माच्या ओसरीवर ज्वारीची भाकरी मोडत सर म्हणाले होते, "अक्का, पोरगी कामाला जाऊ दे. नाव घाला फक्त. हजेरीचं मी बघतो." निलम्मानं भाकरीवर आणखी एक चमचा शेंगाचटणी वाढली होती. घरात कन्नड बोलणारी पोरगी मराठीला बसली ती त्या एका बोलावर.

"बघतो," सर म्हणाले. या वेळी त्यांनी मान वर केली नाही.

"बघा सर. कामून की मुकादमाला सांगून परीक्षेची सुट्टी मागायलेय. तुमी हो म्हणला तर आजच अर्ज देते."

"जा तू. कामाला उशीर व्हईल."

ती गेल्यावर सरांनी पेन्सिल ठेवली आणि पेन उचललं. एकच गुण, त्यांनी मनाशी म्हटलं. एका गुणानं कुणाचं काय बिघडतं. त्यांनी चार लिहिले, संगणकात भरले, आणि त्या दिवसापासून कोळारचा रस्ता टाळून लांबून घरी जाऊ लागले.

निकाल छान लागला. हरिओमसुद्धा काठावर तरला, शंभर टक्के. प्राचार्यांनी सरांच्या गळ्यात हार घातला.

जूनमध्ये गुरुपादय्यांनी त्यांना आत बोलावलं.

"तिसऱ्या वर्षाला चौदाच झाले की री. वर्ग कसा काढायचा?"

"सर, पंधराचं ते पहिल्या वर्षापुरतं..."

"दर वर्षाचंच हाय. कुणी सांगितलं तुमाला पहिल्यापुरतं?" प्राचार्यांनी चष्मा काढला. "ती एक पोरगी राहिलीय न्हवं? तिचे गुण दुरुस्त करून पुरवणी परीक्षेला बसवा. पास झाली तर पंधरा. न्हाईतर ह्या पोरांनी कन्नड घ्यावं, न्हाईतर भालकीच्या कॉलेजात जावं. तुमी..."

सरांच्या डोळ्यांपुढं मोबाईलची कव्हरं वाऱ्यावर हलत होती.

कमठाण्यात ओसरी तीच होती. निलम्मानं पाणी दिलं, भाकरीचं विचारलं नाही.

"नेत्रावती?"

"कामावर. आता जादा पाळी बी करती. तिथं तिची हजेरी एक दिस चुकत न्हाई, सर."

सरांनी तांब्या खाली ठेवला, पुन्हा उचलला.

"अक्का, पुरवणी परीक्षेला बसवू तिला. हजेरीचा एक गुण राहिलाय माझ्याकडं, तो देतो. झाले चौदा."

निलम्मा ज्वारी पाखडत होती. सूप थांबलं.

"एकच गुण व्हता व्हय?" ती म्हणाली. "आमाला वाटलं, हजेरीचे पाच तुमी दिलेच असतील, चाचणीचेच लई कमी निघाले. पोरगी समदी पुस्तकं वाटून आली, डोस्क्यात काय न्हाई माज्या म्हणून."

तिनं सूप पुन्हा हलवायला घेतलं.

"ऱ्हाऊ द्या आता. तुमाला लागंल तो."

नेत्रावतीचं वर्ष गेलं आणि पुस्तकंही. तेरा पोरं भालकीच्या बसमध्ये उभी राहू लागली. हरिओमला काकांनी मोटारसायकल घेऊन दिली. बालाजीसरांचं कॉलेजातलं कपाट पावसाळा लागायच्या आत रिकामं झालं. एक गुण तेवढा त्यांच्याकडं शिल्लक राहिला, आणि तो घ्यायला कुणी आलं नाही.