घरचं औषध

माझ्या औषधाच्या दुकानात कुणी जळजळीची बाटली तिसऱ्यांदा मागितली, तर मी देत नाही. "आधी तपासून घ्या," असं तोंडावर सांगतो. लोक मला खडूस म्हणतात, म्हणू देत. पण स्वतःच्या बायकोला आठ महिने तीच बाटली मी पाजली. दिव्याखाली अंधार म्हणतात, तो हाच.

ती पाव चहात बुडवून खायला लागली, चार घासांना तासभर लावायला लागली. "झालं का रवंथ?" असं मी चिडवायचो आणि तीही हसायची. गेल्या आठवड्यात पाणीसुद्धा घशाखाली उतरेना, तेव्हा कुठे माझे डोळे उघडले.

आज तिच्या अन्ननलिकेत कॅमेऱ्याची नळी घालून झाली. मग पोटाच्या डॉक्टरीणबाईंनी आम्हाला आत बोलावलं. आम्ही दोघं खुर्च्यांवर बसलो. कालच सासरहून आलेली मुलगी माझ्यामागे उभी होती, माझ्या खांद्यावर हात ठेवून.

"अन्ननलिका जठराला मिळते तिथं गाठ आहे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "तुकडा तपासायला पाठवलाय, पण मला लक्षण बरं दिसत नाही. त्रास कधीपासून आहे?"

"झाला असेल महिना," बायको म्हणाली. "मी ह्यांना काही बोललेच नाही."

एकतीस वर्षांत ती माझ्यासमोर कधी खोटं बोलली नव्हती. टेबलाखाली तिनं माझा गुडघा घट्ट दाबला. लाज वाटते सांगायला, पण क्षणभर मला सुटल्यासारखं वाटलं.

"महिन्याभरात एवढी?" डॉक्टरीणबाईंच्या कपाळावर आठ्या पडल्या. "मग फारच झपाट्यानं वाढतेय. उपचारही त्याच अंदाजानं ठरवावे लागतील."

खोट्यावर हिचे उपचार कसे होऊ द्यायचे?

"आठ महिने," मी म्हणालो. "औषध मीच देत होतो. माझं औषधाचं दुकान आहे."

त्यांचं पेन थांबलं, मग पुन्हा चालू लागलं. माझ्या खांद्यावरचा हात निघून गेला.

"तेव्हाच आणलं असतं तर?" मी विचारलं.

"ते आता नका विचारू," त्या कागदात बघत म्हणाल्या.

मुलगी बाहेर गेली. दार तिनं हळूच लावलं.

बायको माझ्याकडे वळली. इतकी चिडलेली मी तिला कधी पाहिली नव्हती.

"कशाला बोललात अहो?" ती म्हणाली. "मी गेल्यावर तुम्हाला तीच एक होती ना."