थिनरने पुसलेला गॉगल

मित्रांनो, मी एक जुना गॉगल आहे. चौपाटीवर मिरवायचा काळा नव्हे, कामावर डोळे सांभाळणारा. मालाडच्या एका गॅरेजमध्ये, हात धुण्याच्या नळाच्या वर भिंतीत माझा खिळा आहे. माझ्या डाव्या काचेवर एक खोल चरा आहे आणि मला त्याचा भारी अभिमान आहे.

गॅरेजच्या मालकीण एथेलबाई मूळच्या मनोरीच्या. त्यांनी मला आणलं तेव्हा मी लख्ख होतो. पण माणसं सात आणि मी एकटा! कुणाच्या डोक्याला घट्ट, कुणाच्या नाकावरून घसरणारा. त्यात सहदेव मिस्त्रींचं माझ्यावर विशेष प्रेम. मिस्त्री रंगाचे उस्ताद. गाडीचा पत्रा नुसता निरखून हुबेहूब तोच रंग कालवायचे. त्यांच्याकडे सगळ्या डागांवर एकच औषध, थिनर. माझ्यावर रंग उडाला तेव्हा त्यांनी मायेने मलाही थिनरने पुसलं. माझी काच प्लास्टिकची. ती ताकासारखी पांढुरकी झाली.

त्यानंतर मी खिळ्यावर धूळ खात पडलो. फार वाईट वाटायचं. समोर मिस्त्री उघड्या डोळ्यांनी पत्रा घासायचे आणि ठिणग्या उडाल्या की माझाच जीव खालीवर व्हायचा. त्या डोळ्यांवर त्यांचं सगळं कसब होतं.

एके सकाळी एथेलबाईंनी मला उचललं आणि ग्राइंडरच्या बटणावरच अडकवलं. आता मला हातात घेतल्याशिवाय मशीन सुरू होईना.

"बाय, माका पत्रो दिसाक व्हयो. ह्या धुरकटातून काय दिसतला?" मिस्त्री कुरकुरले.

"नवीन आणते ना. तोवर हाच घाला. तुमचे डोळे गेले तर मी काय मनोरीला मासे विकायला बसू?"

मिस्त्रींनी तोंड वाकडं करून मला डोळ्यांवर चढवलं. पाच मिनिटं झाली नसतील, ग्राइंडरचं चाक फुटलं आणि हरभऱ्याएवढा तुकडा थेट माझ्या डाव्या काचेवर आदळला. मी कळवळलो, खोल चरा पडला, पण फुटलो नाही.

मिस्त्रींनी मला काढलं. उजवा डोळा झाकून ते भिंतीवरच्या रंगांच्या पट्टीकडे बघू लागले. "मोरपिशी. त्याच्या बाजूक डाळिंबी." मग मटकन स्टुलावर बसले. "दिसता गो बाय, सगळा दिसता." त्यांचे डोळे भरून आले होते. मला तर रडायचीही सोय नाही.

त्या आठवड्यात सात नवे गॉगल आले. मिस्त्रींनी प्रत्येकाच्या पट्ट्यावर वेगळ्या रंगाने नाव घातलं. थिनरच्या कामाला रबरी हातमोजे, धारदार पत्र्याला चामड्याचे, आणि फिरत्या ड्रिलपाशी एकही नाही, कारण तिथे मोजाच हात ओढून नेतो. नियम सगळ्यांना सारखा, मालकिणीलासुद्धा. गॉगल धुवायचा तो साबणाच्या पाण्याने.

मित्रांनो, तुमच्या घरी कुणी असं काम करत असेल, तर त्याचा गॉगल स्वच्छ धुऊन हाताशी ठेवा. खिळ्यावरून आम्हाला कुणाचे डोळे वाचवता येत नाहीत.

यंदा दसऱ्याला हत्यारांच्या पूजेत मलाही पाटावर जागा मिळाली. एथेलबाईंनी झेंडूचं फूल ठेवलं. मिस्त्री कुंकवाचं बोट घेऊन वाकले, माझ्या काचेपाशी थबकले आणि कुंकू हळूच पट्ट्याला लावलं.

"काचेक नको," ते म्हणाले. "तेका बघूक व्हया."