आईसकट खुर्ची

भाड्याचं घर सोडायचं ठरलं तेव्हा दोघा भावांनी सामान वाटायला एकच नियम केला. आळीपाळीने एकेक वस्तू उचलायची. थोरल्याचं नळदुरुस्तीचं दुकान; त्याला नियम सोपा वाटला. धाकटा विद्यापीठात गणिताचं तत्त्वज्ञान शिकवायचा. त्यालाही सोपाच वाटला.

आई खिडकीशी आरामखुर्चीत बसून होती, कपड्यांची पिशवी मांडीवर. कुणाकडे जायचं हे तिचं कधीच ठरलं होतं. लोकांचे कपडे शिवून शिवून ज्याला शिकवलं, त्याच्याकडे.

थोरल्याने कपाट घेतलं. धाकट्याने जेवणाचं टेबल घेतलं आणि भोवतीच्या सहा खुर्च्या.

"अरे, एक ठरलं होतं ना?"

"नुसत्या ‘वस्तू’ मोजता येत नाहीत, दादा. कसल्या वस्तू, ते आधी सांगावं लागतं. हा जेवणाचा संच. संच एक."

मग सगळी भांडी मिळून एक झाली, पुस्तकं मिळून एक झाली. थोरल्याकडे पंखा, शिडी आणि आरसा आला.

"शिकवलंस त्याचं चीज झालं बघ," तो आईला म्हणाला. आई खुलली.

शेवटी आरामखुर्ची उरली आणि पाळी आली धाकट्याची. थोरला नळवाला असला तरी एवढा हिशेब त्याने पहिल्यापासून जमवत आणला होता.

"खुर्ची माझी," धाकटा म्हणाला.

आईने पिशवी सावरली, चष्मा लावला.

"आई, जरा उठतेस?"

ती उठली. त्याने खुर्ची मिटून काखेत मारली.

"आणि ही?" थोरला म्हणाला. "मघाशी सात नग मिळून एक होता. आता खुर्ची वेगळी आणि आई वेगळी?"

"जेवणाचा संच असा प्रकार असतो, दादा. आईसकट खुर्ची असा प्रकार जगात नाही. आणि आई काय वस्तू आहे वाटून घ्यायला? माणूस आहे ती. थोडा मान ठेव."

आयुष्यात पहिल्यांदा थोरल्याला भावाचं तत्त्वज्ञान पटलं. "खरंय," तो म्हणाला. "शोभत नाही ते."

घरमालक किल्ली घ्यायला आले तेव्हा ती भिंतीला टेकून फरशीवर बसली होती. खालून एक टेम्पो निघाला, मग दुसरा.

"मावशी, घर पूर्ण रिकामं झालं, म्हणाला तुमचा धाकटा."

"मग झालंच असेल," ती म्हणाली. "मोजण्यात तो कधी चुकत नाही."