न्यायाधीशपदाची रंगीत तालीम

आमची ईशानी वाढली शारजात, वकिली शिकली पुण्यात आणि तिथल्याच कोर्टात तीन वर्षं काळा कोट घालून उभी राहिली. दिवाणी न्यायाधीशपदाची लेखी परीक्षा पास झाली आणि मुलाखतीआधी आठवडाभर शारजात, अल मजाजला घरी आली. तिच्या पात्रतेत आता एकच उणीव होती. बाबांच्या मित्रांनी तिची परीक्षा घेतली नव्हती.

ती उणीव माझ्या नवऱ्याने, उपेंद्रने, शनिवारी भरून काढली. दत्तप्रसाद भावजींना बोलावलं. भावजी दुबईत जुमेरा लेक टॉवर्समधल्या एका मालवाहतूक कंपनीत व्हाइस प्रेसिडेंट. कायद्याशी त्यांचा संबंध एवढाच, की भारतात कायद्याचं कसं वाटोळं झालंय हे ते आम्हाला वीस वर्षं समजावतायत.

"इथे सिग्नल तोडला तर घरी पोचायच्या आत फाइनचा मेसेज येतो," ते खुर्चीत बसता बसता म्हणाले. "तिकडे माणूस मरतो, केस मरत नाही." मग त्यांनी ईशानीला समोर बसवलं. मी आणि त्यांची बायको प्रमिला ओट्यापाशी साबुदाणा वडे तळत होतो.

"तर मॅडम, जज झाल्यावर पहिली प्रायॉरिटी काय?"

"सगळ्यात जुने दावे आधी घेईन, काका. सबळ कारण नसेल तर पुढची तारीख देणार नाही."

"एक्सलंट. उपेंद्र, खलास, सिलेक्शन झालंच समज." भावजींनी वडा चटणीत बुडवला. "आणि प्रतिवादी परदेशात असेल तर?"

"व्हिडिओवर साक्ष घेता येते."

"बिझी माणूस असतो गं."

"त्याला सोयीची वेळ विचारेन. एकदा."

वडा चटणीतच राहिला. "नेटवर्कचा प्रॉब्लेम असतो," भावजी म्हणाले. रोज सिंगापूरशी तीन व्हिडिओ मीटिंगा करणाऱ्या माणसाने हे अगदी कळकळीने सांगितलं.

"कुठला दावा आहे, काका?"

"मी जनरल विचारतोय."

प्रमिलाने झारा खाली ठेवला. "वन्संचा," ती म्हणाली. "वडिलांच्या घरात हिस्सा मागितलाय त्यांनी. अठरा वर्षं झाली. दर वेळी आमचा वकील सांगतो, साहेब दुबईत आहेत."

उपेंद्र उठून एसीशी खटपट करू लागला.

मग भावजींनी निकाल दिला, आणि तो मात्र त्याच बैठकीत. नॉलेज ठीक, मराठी चांगलं, पण मॅच्युरिटी नाही. न्यायाधीशाला माणुसकी लागते. ईशानीने "थँक यू, काका" म्हटलं आणि रिकाम्या प्लेट्स घेऊन ओट्यापाशी आली. तिचे कान लाल झाले होते.

प्रमिलाने तिच्या हातातून प्लेट्स घेतल्या. "वन्सं बहात्तर वर्षांच्या आहेत," ती हळू आवाजात म्हणाली. "लवकर सुनावणीसाठी काही करता येतं का गं?"

"ज्येष्ठ नागरिक म्हणून अर्ज करता येतो. व्हिडिओ साक्षीचाही करायला सांगा त्यांच्या वकिलाला." ईशानी जरा थांबली. "पण काकू, काकांना कळलं तर?"

"कळेल की. कोर्टाकडूनच कळेल."

ईशानीची निवड झाली. पहिली नेमणूक विदर्भात, म्हणजे कोकणातल्या भावजींच्या गावापासून महाराष्ट्र जितका लांब जाऊ शकतो तितकी लांब. हे कळल्यावर आमच्यापेक्षा भावजींनाच जास्त आनंद झाला. दुबईतल्या करामाहून पेढे घेऊन आले आणि महाराष्ट्र मंडळाच्या ग्रुपवर टाकलं, 'आमच्या मार्गदर्शनाचं चीज झालं.'

पंधरा दिवसांनी त्यांच्या साक्षीचा आदेश आला. व्हिडिओवर, सोमवारी सकाळी.

"ताईच्या डोक्यात हे कोण भरवतं, देव जाणे," ते आमच्या सोफ्यावर बसून म्हणाले.

"निळा शर्ट इस्त्री करून ठेवलाय," प्रमिला म्हणाली. "कॅमेऱ्यावर बरा दिसतो."