माझ्या घशातलं पिवळं दुपटं

"आई, ही गाडी खरंच कधी पळाली होती, की तुझी नुसती थाप?"

हिंमत असेल तर हे विचारून दाखव, असं मैत्रिणींनी या घरच्या मुलीला डिवचलं होतं आणि आता त्या गॅरेजच्या दाराआड तोंड दाबून हसत होत्या. आईने हातातल्या टॉवेलची घडी केली आणि आत गेली. या घरात माझा विषय निघाला की असंच होतं.

मित्रांनो, ती गाडी म्हणजे मी. मी एक जुनी टर्बोवाली स्पोर्ट्स कार आहे. रंग लाल, पण धुळीखाली तो दिसतोय कुठे! टर्बो म्हणजे धुराच्या जोरावर फिरणारा पंखा. तो इंजिनात जास्तीची हवा कोंबतो आणि मग मी अशी सुटते की बसणाऱ्याची पाठ सीटला चिकटते.

आईने मला लग्नाआधी सेकंडहँड घेतलं. मेकॅनिककडे कधी नेलंच नाही. मॅन्युअल उघडून ती सगळं स्वतः करायची, स्क्रू चहाच्या बशीत मांडायची. लग्नानंतर बाबा टॉर्च धरायचे आणि भलतीकडेच धरल्याबद्दल बोलणी खायचे. काय थाटाचे दिवस होते ते!

मग मुलगी झाली. एका दुपारी आईने माझी हवेची नळी सोडवली होती, तेवढ्यात पाळण्यातून रडू आलं. आत धूळ जाऊ नये म्हणून तिने हाताला लागलेलं दुपटं नळीत कोंबलं आणि धावली. दुसऱ्या दिवशी बाबांनी टॉर्च धरली आणि पेंगुळल्या डोळ्यांनी तिने नळी जोडून टाकली. दुपटं आतच!

मी चढावर धापा टाकू लागले, काळा धूर सोडू लागले. कुणीतरी वरवर बघून सांगितलं, टर्बो गेला. आईला वाटलं, आपल्याच हातून बिघडला. तिने पान्यांची पेटी फळीवर ठेवली ती ठेवलीच. मला सगळं ठाऊक होतं, पण सांगू कशी? चौदा वर्षं गेली. टायर बसले. माझ्या टपावर रद्दी आणि मोडका पंखा आला. संध्याकाळी दाराच्या फटीतून उजेडाची एक रेघ माझ्या चाकापर्यंत यायची आणि परत जायची. तेवढीच सोबत.

शनिवारी मला न्यायला भंगारवाला येणार होता. आईने न दिलेलं उत्तर स्वतःच शोधायला शुक्रवारी शाळेतून आल्याआल्या मुलीने पेटी खाली काढली. पेटीतल्या मॅन्युअलच्या कडेला आईचं पेन्सिलीतलं अक्षर होतं : ताकद कमी वाटली तर आधी नळ्या बघायच्या, मग टर्बोला नावं ठेवायची. तिने नळी सोडवली, बोटं घातली आणि ओढलं. बदकांचं पिवळं दुपटं, निम्मं काळं झालेलं!

तिने हाका मारून आई-बाबांना बोलावलं. आईने ते हातात घेऊन उलगडलं. "हे तर तुझं," म्हणाली आणि माझ्या चाकाला टेकून खालीच बसली.

"म्हणजे त्या दिवशीही टॉर्च मी भलतीकडेच धरली होती," बाबा म्हणाले.

मित्रांनो, कुणी रडत असेल तर हातातलं काम टाकून खुशाल धावा. फक्त परत आल्यावर आत काय ठेवलं होतं ते बघा. आणि स्वतःला दोष देऊन कुणाला चौदा वर्षं अंधारात ठेवू नका.

मुलीने त्याच दुपट्याला हात पुसले.

"भंगारवाल्याला नको म्हणून सांगा. सुट्टीत हिला मी दुरुस्त करणार, आई शिकवेल. आणि बाबा, टॉर्च तुम्हीच धरायची."